निवडणुकीची भीती आणि मतदाराचे काम

लोकशाहीत निवडणूक म्हणजे उत्सव, असे सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. परंतु २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी आपल्या संत तुकाराम नगर, वल्लभनगर, नेहरूनगर, खराळवाडी या भागात फिरणाऱ्याला उत्सवापेक्षा धास्तीच अधिक जाणवत होती. यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासमोरच्या चहाच्या टपरीवर, कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या कामगारांत, विहारातील वंदना आटोपल्यावर रेंगाळणाऱ्या बंधू-भगिनींत तेच तेच प्रश्न ऐकू येत. यादीत आपले नाव राहिले असेल का? आपण कोणाला मत दिले हे कोणाला कळेल का? दाबलेले बटण आणि मोजलेले मत एकच असते का? संविधान बदलले जाईल का? आणि ज्याला मत द्यायचे, तो उद्या त्याच पक्षात राहील का?

पिंपरी व चिंचवड हे भाग मावळ लोकसभा मतदारसंघात, तर भोसरी आणि चाकणकडील भाग शिरूर मतदारसंघात येतो. दोन्हीकडे १३ मे २०२४ रोजी, सोमवारी, मतदान झाले. मावळमध्ये सुमारे ५५ टक्के मतदान झाले. राज्याची सरासरी सुमारे ६१ टक्के, तर देशाची सुमारे ६६ टक्के होती. म्हणजे मावळमध्ये शंभरातील पंचेचाळीस मतदार मतदान केंद्रावर गेलेच नाहीत. हे सगळे आळशी होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. कोणी पाळीवर होते, कोणाचे नाव गावाकडे होते, कोणाचे नाव कोठेच नव्हते. आणि काहीजण असे होते की, जे मनातूनच हरले होते. “आपल्या एका मताने काय होणार?” हा त्यांचा प्रश्न.

प्रस्तुत लेख या शेवटच्या प्रश्नासाठी आहे. भीती नेहमीच खोटी असते असे नाही, आणि नेहमीच खरी असते असेही नाही. तपासून न पाहिलेली भीती मात्र हळूहळू निराशेत बदलते आणि निराश माणूस घरी बसतो. म्हणून वरील एकेक भीती कायद्याच्या आणि अनुभवाच्या उजेडात पाहू.

नावाची भीती

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ साली झाली. त्या वेळी उत्तर भारतातील लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच नोंद त्यांनी दिली. अशा सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. मताचा हक्क संविधानाने दिला होता, पण यादीत नाव नव्हते, म्हणून हक्क कागदावरच राहिला.

आपल्या औद्योगिक पट्ट्यात हीच गोष्ट निराळ्या रूपाने घडते. येथे मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूरकडून आलेली कुटुंबे आहेत. पुष्कळांचे नाव अजून गावच्या यादीत असते. भाड्याची खोली अकरा महिन्यांनी बदलते आणि मतदान केंद्रही बदलते. आमच्या शेजारच्या एका भगिनीच्या बाबतीत असेच झाले. पूर्वी मतदान केलेले, हातात मतदार ओळखपत्र, तरीही २०२४ साली केंद्रावर गेल्यावर यादीत नाव नाही. उन्हात दोन केंद्रे फिरून त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे मी या देशाची कोणीच नाही का?” या प्रश्नातील दुःख समजून घेतले पाहिजे.

येथे पहिली गोष्ट लक्षात ठेवावयाची ती ही की, ओळखपत्र हा ओळखीचा पुरावा आहे. मत देण्याचा अधिकार यादीतील नावाने मिळतो. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार माणूस जेथे सर्वसाधारणपणे राहतो तेथे त्याचे नाव असावे, आणि ते एकाच ठिकाणी असावे. नवीन नावासाठी नमुना ६, नाव वगळण्यास किंवा हरकतीसाठी नमुना ७, आणि पत्ता बदलण्यास वा दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो. अठरा वर्षे पूर्ण होण्याची तारीख म्हणून पूर्वी फक्त १ जानेवारी धरत. २०२२ पासून १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर याही तारखा धरल्या जातात. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव घालता येत नाही. म्हणूनच मतदानाच्या दिवशीची धावपळ व्यर्थ जाते.

राहत असलेल्या मतदाराचे नाव ‘येथे राहत नाही’ म्हणून कमी करण्यापूर्वी त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे, असे कायदा सांगतो. निर्णय मान्य नसेल तर जिल्हा पातळीवर आणि त्यापुढे राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. तसेच आपल्या नावावर दुसऱ्याच कोणी मत देऊन गेले असेल, तर मुकाट्याने परत फिरू नये. ओळख पटवून दिल्यास केंद्राध्यक्षांकडून कागदी मतपत्रिकेवर ‘प्रदत्त मत’ देता येते. ते नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, पण प्रकरण न्यायालयात गेले तर ते उपयोगी पडू शकते. शिवाय बोगस मतदान झाल्याची ती लेखी नोंद राहते.

गुप्ततेची भीती

“कोणाला मत दिले ते त्यांना कळते,” असे वस्त्यांमधून सर्रास सांगितले जाते. याचे दोन भाग करून पाहिले पाहिजेत.

एका व्यक्तीचे मत कळत नाही. केंद्रावरील नोंदवहीत आपला यादीतील क्रमांक आणि सही असते. यंत्रात मात्र आपले नाव किंवा क्रमांक जात नाही. मताची गुप्तता राखणे हे तेथील कर्मचाऱ्यांवर कायद्याने बंधनकारक आहे आणि ती फोडणे हा गुन्हा आहे. तेव्हा पाकीट देणारा “आम्हाला यादी मिळते” असे म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलतो.

परंतु एका केंद्राचे मत कळते, हेही तितकेच खरे आहे. प्रत्येक केंद्रावर कोणत्या उमेदवाराला किती मते पडली याचा तक्ता निकालानंतर प्रसिद्ध होतो. केंद्रावर साधारण हजार-बाराशे नावे असतात. म्हणजे एखादी चाळ, एखादी झोपडपट्टी, म्हाडाच्या काही इमारती यांचा कल उघड होतो. मग “तुमच्या गल्लीने आम्हाला मते दिली नाहीत” असे सुनावले जाते आणि नळाचे, गटाराचे काम मागे पडण्याची भीती राहते. कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजण्याची सोय होती. यंत्रांची मतेही एकत्र बेरजेने मोजावीत, अशी सूचना निवडणूक आयोगाने २००८ साली केली होती आणि विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात तिला दुजोरा दिला होता. ती अंमलात आलेली नाही. ही भीती खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही, ती मागणी म्हणून मांडण्यासारखी आहे.

यंत्राची भीती

मतदान यंत्राबद्दल दोन्ही बाजूंनी इतका आरडाओरडा होतो की साध्या माणसाला काय तपासता येते हेच कळेनासे होते. बटण दाबल्यावर शेजारच्या यंत्राच्या काचेत उमेदवाराचा क्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग बंद पेटीत पडते. ही चिठ्ठी आपण पाहिलीच पाहिजे. चिठ्ठीवर दुसरेच नाव दिसले तर तेथल्या तेथे केंद्राध्यक्षांकडे लेखी तक्रार करता येते. मग प्रतिनिधींसमोर चाचणी मत घेतले जाते. तक्रार खोटी ठरल्यास शिक्षा होऊ शकते, म्हणून नीट पाहूनच बोलावे.

२०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या सोडत काढून मोजल्या जातात आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहिल्या जातात. सर्वच चिठ्ठ्या मोजाव्यात किंवा पुन्हा कागदी मतपत्रिका आणाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे आपल्याकडील मतदानाच्या सतरा दिवस आधी, नाकारली. तथापि, दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत लेखी मागणी केल्यास पाच टक्के यंत्रांची तपासणी करता येईल, असे त्याच निकालात सांगितले.

याहूनही साधा एक कागद आहे. मतदान संपल्यावर त्या केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली हे ‘नमुना १७ क’ मध्ये लिहून त्याची प्रत केंद्राध्यक्ष उपस्थित उमेदवार-प्रतिनिधींना देतात. मोजणीच्या दिवशी हा आकडा आणि यंत्रातील आकडा जुळला पाहिजे. २०२४ च्या मे महिन्यात मतदानाच्या आकडेवारीवरून देशभर जो वाद झाला तो याच नमुन्याभोवती होता. ज्या केंद्रावर प्रतिनिधी शेवटपर्यंत बसला आणि त्याने ही प्रत जपून ठेवली, तेथे शंका घेणाऱ्याच्या हाती पुरावा असतो. जेथे प्रतिनिधी दुपारीच जेवायला म्हणून निघून गेला, तेथे उरते ती फक्त कुजबूज.

संविधान बदलण्याची भीती

२०२४ च्या निवडणुकीत आपल्या समाजाला सर्वांत जास्त हलवून सोडणारी भीती ही होती. घरोघरी संविधानाची प्रत असणाऱ्या समाजाला ती वाटणे अगदी स्वाभाविक होय. तिच्यात तथ्य किती?

संविधानात दुरुस्ती करता येते आणि ती शंभराहून अधिक वेळा झाली आहे. अनुच्छेद ३६८ प्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमतीही लागते. २४ एप्रिल १९७३ रोजी केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा मतांनी निर्णय दिला की, संसदेला संविधानाची मूलभूत चौकट मोडता येणार नाही. एका न्यायाधीशाच्या मताने ही भिंत उभी राहिली, हे विसरू नये.

आणीबाणीच्या काळाने या भिंतीची परीक्षा पाहिली. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी लागू झाली. विरोधी नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांवर नियंत्रण आले आणि १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानाचा मोठा भाग बदलण्यात आला. मार्च १९७७ मध्ये निवडणूक झाली तेव्हा लोक उघडपणे बोलायला धजत नव्हते. निकाल लागला तेव्हा सत्ताधारी पक्ष हरला आणि स्वतः पंतप्रधान रायबरेलीतून पराभूत झाल्या. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आधीचे पुष्कळ बदल मागे घेतले गेले.

यावरून दोन गोष्टी दिसतात. संविधानाला धक्का लागू शकतो, म्हणून ही भीती वेडगळ नाही. आणि तो धक्का भीत भीत का होईना, रांगेत उभे राहिलेल्या लोकांच्या मतांनी भरून काढता येतो.

निकालानंतरची निराशा

४ जून २०२४ रोजी निकाल लागला. सर्वांत मोठ्या पक्षाला २४० जागा मिळाल्या, स्वबळावर बहुमत मिळाले नाही आणि आघाडीचे सरकार आले. महाराष्ट्रातील ४८ जागांपैकी महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ मिळाल्या, एक अपक्ष निवडून आला. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, २० नोव्हेंबर रोजी झालेल्या विधानसभा निवडणुकीत २८८ पैकी सुमारे २३० जागा महायुतीला मिळाल्या. म्हणजे एकाच वर्षात, एकाच राज्यात, दोन्ही बाजूंच्या मतदारांना एकेकदा हिरमुसून बसावे लागले. जो जूनमध्ये “लोकशाही वाचली” म्हणत होता तो नोव्हेंबरमध्ये “आता काही खरे नाही” म्हणू लागला, आणि दुसरा नेमके उलट. आपल्या मनासारखे झाले तर लोकशाही, नाही तर फसवणूक, अशी सवय लागणे बरे नव्हे.

तथापि निराशेची खरी कारणेही आहेत. जून २०२२ मध्ये शिवसेनेत आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये फूट पडली. २०१९ साली एका चिन्हावर, एका आघाडीला दिलेले मत कोणाच्या खात्यावर गेले हे मतदाराला सांगता येईना. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. एक-तृतीयांश फुटीची पळवाट २००३ साली बंदही झाली. पण अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे असतो आणि तो येईपर्यंत विधानसभेची मुदत सरत येते. दुसरे कारण आपल्या दाराशी आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतरची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली जवळजवळ चार वर्षे प्रशासकांचा कारभार होता. पाणी दिवसाआड येई म्हणून कोणाला जाब विचारावा, तर नगरसेवकच नव्हते. दिल्लीच्या निवडणुकीवर तावातावाने बोलणारे आपण, दारातील निवडणूक चार वर्षे झाली नाही याबद्दल किती बोललो?

बाबासाहेबांचा पराभव

ज्यांनी मताधिकाराचा आग्रह १९१९ साली साउथबरो समितीपुढील साक्षीपासून सुरू केला आणि १९२८ मध्ये सायमन आयोगापुढे सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांना मत मागितले, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत काय अनुभव आला? १९५२ मध्ये उत्तर मुंबई मतदारसंघातून शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार म्हणून उभे असलेले बाबासाहेब नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. तो मतदारसंघ दोन जागांचा होता. प्रत्येकाला दोन मते होती आणि दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. ७४ हजारांहून अधिक मतपत्रिका बाद झाल्या होत्या. पराभवाच्या फरकाच्या पाचपट!

यापेक्षा मोठा भ्रमनिरास कोणता? ज्याने हक्क मिळवून दिला, त्यालाच त्या हक्काने नाकारले. बाबासाहेबांनी काय केले? अशोक मेहता यांच्यासह त्यांनी बाद मतपत्रिकांचा आकडा घेऊन निवडणूक रद्द करावी असा रीतसर अर्ज केला. तो यशस्वी झाला नाही. त्याच वर्षी ते राज्यसभेवर गेले आणि अखेरपर्यंत तेथे सदस्य राहिले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा उभे राहिले आणि पुन्हा हरले. मतदान निरर्थक आहे, असे त्यांनी आपल्या माणसांना सांगितले नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी आधीच बजावले होते की, राजकारणात एक माणूस एक मत ही समता येईल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील, आणि ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. म्हणजे मताने सर्व काही होते असे त्यांनी कधीच मानले नव्हते. म्हणून मत निष्फळ ठरले तेव्हा ते कोसळले नाहीत. आपण मात्र पाच वर्षांच्या सर्व आशा एका दिवसावर टाकतो, आणि तो दिवस मनाविरुद्ध गेला की सर्वच सोडून देतो.

आपण काय करावे?

पहिले म्हणजे, प्रारूप मतदार यादी प्रसिद्ध होते तेव्हा प्रत्येक विहारात, प्रत्येक गृहनिर्माण संस्थेत तिचे वाचन व्हावे. एका केंद्राची हजार-बाराशे नावे वाचायला दोन तास पुरतात. कोणाचे नाव गेले, कोण वारले, कोणाच्या घरी सून आली, कोण अठरा वर्षांचे झाले, हे शेजाऱ्यांना अधिकाऱ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते. तेथेच नमुने भरून घ्यावेत.

दुसरे, चाकण, भोसरीच्या कारखान्यांतील कंत्राटी कामगारांना सांगावे की, मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे आणि तो रोजंदारीवरच्या कामगारालाही लागू आहे. दंड फार मोठा नाही, जास्तीत जास्त पाचशे रुपये. म्हणून एकट्याने भांडण्यापेक्षा दहाजणांनी मिळून आधीच लेखी मागणी करणे बरे.

तिसरे, आपल्या तरुणांनी कोणत्याही पक्षाचे का होईना, मतदान केंद्रावर प्रतिनिधी म्हणून शेवटपर्यंत बसावे आणि ‘नमुना १७ क’ ची प्रत घेतल्याशिवाय उठू नये.

चौथे, निकालानंतर निवडून आलेल्याकडे, मग त्याला आपण मत दिलेले असो वा नसो, दर सहा महिन्यांनी लेखी प्रश्न घेऊन जावे. तो आता सर्वांचा प्रतिनिधी असतो.

ही कामे लहान आहेत आणि त्यांत घोषणा नाहीत. त्या शेजारच्या भगिनीने निवडणुकीनंतर नमुना भरला आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत त्यांनी मतदान केले. त्यांनी मत दिलेला उमेदवार हरला, असे त्या स्वतःच सांगतात, आणि पुढच्या यादीत सुनेचे नाव आले आहे का, हेही विचारतात. आपल्या परिसरातील प्रत्येक घरातून असा प्रश्न विचारला जावा, एवढी अपेक्षा व्यक्त करून हा लेख पुरा करतो.